बोअर कोणता, हा आपला प्रश्नच नाही



परवा स्वाध्यायानंतर एक विषय निघाला. ओळखीतल्या एकीचा मुलगा कॅनडात असतो. ऑफिसमधले मित्र मूसच्या शिकारीला निघालेत. मूस म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलातलं प्रचंड हरीण, मोठा नर पाचशे किलोच्या पुढे भरतो. मुलगा मांस खाणार नाही, गोळीही झाडणार नाही. त्याने फक्त आठवडाभर वाचून मित्राला रायफलचं कॅलिबर, म्हणजे बोअर, निवडून दिला. आई कौतुकाने सांगत होती आणि चार जणी म्हणाल्या, “त्यात काय, त्याने थोडंच मारलं?”

माझा राग त्या ‘त्यात काय’वर आहे.

शिकार सप्तव्यसनांत येते, हे आपल्या पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. पण समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार पुढे जातो. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत पहिले दोन कोणते? पापोपदेश आणि हिंसादान. हिंसेचा सल्ला देणं आणि हिंसेचं साधन पुरवणं. कृत, कारित, अनुमोदना हे तिन्ही आपण रोज म्हणतो. मग हत्यार निवडून देणारा यातून सुटतो कुठून? गव्हातला किडा अलगद बाजूला ठेवणाऱ्या घरात हा हिशेब कळू नये?

यावर एक उत्तर तयार असतं: “योग्य बोअर असला की जनावर तडफडत नाही, ही दयाच झाली.” म्हणून मी मुद्दाम वाचून पाहिलं. बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचात मोजलेला. ३०-०६ ही अमेरिकी सैन्याची १९०६ सालची गोळी, .३७५ ही इंग्रजांची १९१२ सालची, मोठ्या जनावरांसाठी काढलेली. शिवाय .२७० पासून .३३८ पर्यंत रांग लागलेली आहे आणि कुठली ‘पुरेशी’ यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. मोठा बोअर घेतला तर खांद्याला जबर दणका बसतो, त्या भीतीने चाप ओढतानाच हात हलतो आणि गोळी भलतीकडे लागते. अलास्काचं वन्यजीव खातंसुद्धा शिकाऱ्यांना सांगतं की मोठ्या बोअरपेक्षा नेमकी जागी लागलेली गोळी महत्त्वाची. म्हणजे जखमी होऊन पळालेलं जनावर ही त्यांची नेहमीची चिंता आहे. दया बोअरवर अवलंबून नाही, हे त्यांनाच ठाऊक आहे.

आणि ती गोळी कशी असते? शरीरात शिरल्यावर फुगून पसरणारी. असल्या गोळ्या पूर्वी कोलकात्याजवळच्या दमदमला बनत, म्हणून त्यांचं नाव दमदम पडलं. १८९९ साली हेग परिषदेने युद्धात माणसांवर त्या वापरायला बंदी घातली. शिकारीत मात्र तशीच पसरणारी गोळी चांगली मानतात, जनावर लवकर मरतं म्हणून. शिवाय शिशाचे कण मागे टाकलेल्या आतड्यांत राहतात, ते गिधाडं आणि गरुड खातात आणि विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी आणली ती यामुळेच. एक जीव घ्यायला निघालेल्याच्या खात्यावर किती जीव चढतात, बघा.

“आपल्याकडे नाही का अवनीला मारलं?” असंही कुणी म्हणालं. ही तुलना मला मुळीच पटत नाही. यवतमाळात तेरा माणसांच्या मृत्यूंशी त्या वाघिणीचं नाव जोडलं गेलं होतं. आपली व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती आधी पिंजरा लावा, बेशुद्ध करा म्हणते. सगळं संपल्यावर योग्य बोअरच्या बंदुकीचा उल्लेख येतो, आणि बक्षीस जाहीर करायचं नाही असंही तिथेच लिहिलं आहे. तरी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मेली तेव्हा मागे दोन बछडे उरले, आणि वाद आजही शमलेला नाही. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या बसलेला असताना लेकराला घेऊन झोपणाऱ्या बाईला मी उपदेश करणार नाही. तिथे विरोधी हिंसेचा प्रश्न आहे, तो अवघड आहे. सुट्टी काढून, तंबू घेऊन, परवान्याची फी भरून मूसच्या मागे जाणं ही शुद्ध संकल्पी हिंसा. श्रावकाला ती कुठल्याच अणुव्रतात माफ नाही.

बर्फाळ मुलखात जिथे धान्य पिकत नाही तिथल्या मूळच्या लोकांशी माझं भांडण नाही. त्यांच्या ताटाचा न्याय करायला मी कोण? पण या मुलाच्या फ्रीजमध्ये आईने पाठवलेली मेथीची थेपली आहेत.

तेव्हा ताई, त्याला फोन करा. मित्रांबरोबर जंगलात जायचं तर खुशाल जा म्हणावं, दुर्बीण घेऊन जा. ८ बाय ४२ घ्यायची की १० बाय ४२, हा अभ्यास त्याने आठवडाभर करावा आणि मित्रालाही सांगावा.