कोणाचा वेळ मोलाचा?

मुंबईला येण्याजाण्याच्या सोयी आज जितक्या आहेत तितक्या पूर्वी कधीही नव्हत्या, असे राज्यकर्ते अभिमानाने सांगत असतात. शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंत समुद्रावरून २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू झाला. पुण्याचा द्रुतगती महामार्ग २००२ सालीच पुरा झाला. नागपूरचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत येऊन पोहोचला. मडगावला वंदे भारत गाडी धावू लागली आणि अहमदाबादसाठी बुलेट ट्रेनचा घाट घातला गेला. यातून प्रवाशाने आपल्या सोयीचा पर्याय निवडावा, असा या प्रचाराचा मथितार्थ आहे. परंतु ज्याचे मोल खिशाला परवडत नाही त्यास पर्याय म्हणत नाहीत. दुकानाच्या काचेआड मांडलेला माल पाहण्याची मुभा सर्वांस असते, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईत रोज येणारा आणि मुंबईतून रोज परतणारा माणूस कोण आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. उपनगरी रेल्वेने दररोज सुमारे ७० लाख प्रवास होतात. कल्याण, बदलापूर, दिवा, विरार, नालासोपारा, पनवेल येथून येणारा हा कारकून, हमाल, परिचारिका, सुरक्षारक्षक आणि दुकानातला नोकर यांचा समाज आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडले, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबे दूरच्या उपनगरांकडे लोटली गेली. ज्याचे काम पूर्वी घरापासून चालत दहा मिनिटांवर होते त्याच्या पदरी आता रोजचा तीन-चार तासांचा प्रवास आला. या प्रवासाचे अंतर त्याने स्वखुशीने वाढविलेले नाही. जमिनीच्या बाजाराने ते त्याच्यावर लादले आहे.

बसण्याच्या जेमतेम बाराशे जागा असलेल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार ते पाच हजार माणसे कोंबली जातात. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले. त्याच महिन्याच्या १४ तारखेस, म्हणजे अवघ्या पंधरा दिवसांपूर्वी, १ लाख ८ हजार कोटी रुपये अंदाजित खर्चाच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली होती. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गर्दीने ओसंडणाऱ्या गाड्या परस्परांजवळून जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि मृत्युमुखी पडले. अशा घटनांना अपघात म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. जे वर्षानुवर्षे, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी घडते ते व्यवस्थेचे नित्यकर्म होय.

यावर पैसा नाही, जागा नाही, वेळ लागतो, ही तीन उत्तरे ठरलेली आहेत. ती तपासून पाहावीत. ठाणे ते दिवा या सुमारे नऊ किलोमीटरांवरील पाचवी व सहावी रेल्वेमार्गिका २००८ साली मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचे लोकार्पण झाले. तिचा खर्च सुमारे ६२० कोटी रुपये. अटल सेतूचे प्रत्यक्ष बांधकाम २०१८ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला. त्याचा खर्च सुमारे १७ हजार ८४० कोटी रुपये. खोल समुद्रात खांब रोवून बावीस किलोमीटरांचा पूल सहा वर्षांच्या आत उभा राहतो, आणि जमिनीवरील नऊ किलोमीटरांच्या रुळांना मंजुरीपासून चौदा वर्षे लागतात. तेव्हा अडचण पैशाची नाही आणि अभियंत्यांच्या कौशल्याचीही नाही. जेथे राज्यकर्त्यांना निकड वाटली तेथे समुद्रही आड आला नाही.

ही निकड कोणासाठी वाटते, हे ठरविण्याचे एक शास्त्रशुद्ध दिसणारे साधन आहे. प्रकल्पाचा खर्च आणि लाभ मांडताना प्रवाशाच्या वाचलेल्या वेळाची किंमत रुपयांत धरतात, आणि ती किंमत बहुधा त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात लावली जाते. समजा, तासाला दोन हजार रुपये मिळविणाऱ्या मोटारमालकाचा अर्धा तास वाचला; लाभ झाला एक हजार रुपये. तासाला पंचाहत्तर रुपये मिळविणाऱ्या कामगाराची दहा मिनिटे वाचली. लाभ झाला साडेबारा रुपये. म्हणजे एका मोटारमालकाच्या अर्ध्या तासाशी बरोबरी करण्यास ऐंशी कामगारांची दहा-दहा मिनिटे लागतात! मतपेटीपाशी एका माणसास एक मत आहे. नियोजनाच्या तक्त्यात मात्र एका रुपयास एक मत आहे. या गणिताला तटस्थ म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ विषमतेची नोंद करीत नसतो, तो तिला मंजुरी देत असतो.

अटल सेतूवर दुचाकीस्वारास आणि रिक्षास बंदी आहे. मोटारीचा एका फेरीचा टोल उद्घाटनाच्या वेळी अडीचशे रुपये ठरला. काही एसटी व बेस्ट बसगाड्या तेथून जातात, हे खरे. परंतु चाळीस माणसे नेणारी बस आणि एक-दोन माणसे नेणारी मोटार यांस रस्त्याचा समान हक्क देणे ही समता नव्हे. रस्ता वाहनांसाठी बांधायचा की माणसांसाठी, हा प्रश्न सहा मार्गिका आखताना कोणी विचारलाच नाही, म्हणून एकही मार्गिका बससाठी राखली गेली नाही.

कोकणी माणसाची कथा याहून बोलकी आहे. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी यांना ज्याने आपले आयुष्य दिले त्या चाकरमान्याने गावी जाण्यासाठी आधी बोटीची वाट धरली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली, तरी पोटासाठी समुद्रावरची ये-जा थांबली नाही. पुढे बोटी बंद पडल्या, एसटी आली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. ती मार्गी लागावी म्हणून मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी दीर्घकाळ झुंज दिली. आज त्याच मार्गावर काय दिसते? गरिबाची रत्नागिरी पॅसेंजर, जी दादरहून सुटत असे, ती कोरोनाकाळानंतर दिव्याहून सोडली जाऊ लागली. मुंबईतल्या प्रवाशाने बोचकी घेऊन लोकलच्या गर्दीतून आधी दिवा गाठावे, असा हा न्याय. उलट, जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या संपूर्ण वातानुकूलित वंदे भारतला मात्र थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जागा मिळाली. रूळ तेच, शहर तेच. फलाट कोणास मिळावा हे तिकिटाच्या दराने ठरले.

महामार्गाची अवस्था सर्वश्रुत आहे. पनवेल ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली हाती घेतले. २०२५ च्या गणेशोत्सवातही मुंबई-गोवा महामार्ग पुरा झालेला नव्हता. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, रस्ता खड्ड्यांचा, एसटी अपुरी. मग उरतो खासगी बसवाला. त्याने एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा शासननिर्णय २०१८ पासून आहे. सणाच्या गर्दीत त्याचे काय होते हे प्रत्येक चाकरमानी जाणतो.

एसटी तोट्यात आहे, तेव्हा तिच्यावर पैसा का घालावा, असा आक्षेप हमखास येतो. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून नफा न देणाऱ्या वाडीवस्तीपर्यंत जाणे हेच एसटीचे कार्य राहिले आहे. अशा सेवेवर १७.५ टक्के प्रवासी कर सरकार वर्षानुवर्षे बसवीत आले. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलती जाहीर करायच्या, त्यांची भरपाई रखडवायची आणि वर तोट्याचा ठपका कामगारांवर ठेवायचा, ही रीत आहे. २०२१-२२ मध्ये एसटी कामगारांना सुमारे सहा महिने संपावर राहावे लागले ते या रीतीमुळेच. पुलावर घातलेला पैसा गुंतवणूक ठरतो आणि बसवर घातलेला पैसा तोटा ठरतो. हा हिशेब वर्गीय आहे.

हा क्रम अटळ आहे असेही नव्हे. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात प्रवासी तोवर लाकडी फळ्यांवर झोपत असे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर गादी आणली. गाडीचा वेग त्याने वाढला नाही, परंतु कोणाची पाठ आधी टेकली पाहिजे याचा निर्णय त्यात होता.

तोच निर्णय आज पुन्हा मागितला पाहिजे. मुंबईच्या प्रत्येक प्रवेशमार्गावर आणि अटल सेतूवर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखावी. एसटीवरील प्रवासी कर रद्द करावा आणि तिच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वाढवाव्यात. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून सुटावी. रोहे-वीर टप्प्याच्या पुढे कोकण रेल्वेचे दुपदरीकरण व्हावे. आणि उपनगरी रेल्वेची कामे पुरी झाल्यावाचून बुलेट ट्रेनच्या श्रेयाच्या गोष्टी कोणी बोलू नयेत. या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी दिव्याच्या फलाटावर, पनवेलच्या बसस्थानकावर, गणपतीच्या गर्दीत उभे राहावे. तेथे तिष्ठत असलेल्या माणसाला वेळाचे मोल शिकविण्याची गरज नाही. त्याचा वेळ फुकट धरला गेला आहे, एवढेच त्याला सांगावयाचे आहे.