48 तासांचा खेळ

2024 सालच्या 14 एप्रिलची सकाळ. रविवार होता. आम्ही पांढऱ्या शर्टाला इस्त्री करीत होतो, तोच कल्याणहून आमच्या आक्काचा फोन आला. जयभीम झाला आणि दुसऱ्याच वाक्याला तिचा आवाज चढला. "तुझ्या भाच्याला येऊन समजाव. काल कामावर खाडा केला. कालपासून पोटमाळ्यावरून जेवायलासुद्धा धड उतरला नाही. आज बाबासाहेबांची जयंती, आख्खी चाळ सजली आहे, आणि हा गेम घेऊन बसलाय!"

"गेम खेळतोय?"

"खेळत नाही म्हणतो. बनवतोय म्हणतो. मला काय कळतंय त्यातलं!"

वाचकहो, आम्हाला तरी कुठे कळत होते? लोकलमध्ये माना खाली घालून मोबाईलवर गोळ्या झाडणारी पोरे रोज दिसतात. गेमशी आमची ओळख तेवढीच. तो खेळ कोणीतरी बसून बनवतो, त्यातले प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज कुणाच्या तरी हातचा असतो, हे आमच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

दहाच्या सुमारास आम्ही चाळीत पोचलो. भाचा 22 वर्षांचा. कुरिअरच्या गोदामात कामाला आहे. दिवसभर पार्सले चढवायची-उतरवायची आणि रात्री पोटमाळ्यावरच्या सेकंडहँड कॉम्प्युटरपुढे बसायचे, हा त्याचा दोन वर्षांचा क्रम. डोळे लाल, केस विस्कटलेले. आम्हाला पाहून म्हणाला, "मामा, ओरडायचं असेल तर उद्या ओरडा. उद्या पहाटे वेळ संपतोय."

मग त्याने समजावून सांगितले ते असे. जगभरातल्या हौशी मंडळींचा इंटरनेटवर एक मेळा भरतो. त्याचे नाव 'लुडम डेअर'. शब्द लॅटिन आहेत, अर्थ 'खेळ देणे'. जेफ हॉवलंड नावाच्या गृहस्थाने 2002 साली तो सुरू केला. विषय मंडळींनीच मते देऊन ठरवायचा, पण तो जाहीर होतो ऐनवेळी. तेथून घड्याळ सुरू. एकट्याने करायचे तर 48 तास, आणि त्यात प्रोग्राम, चित्रे, संगीत सगळे स्वतःचे हवे. शिवाय आतला प्रोग्रामसुद्धा सर्वांना पाहायला उघडा ठेवायचा. गटाने करायचे तर 72 तास, आणि नियमही सैल. भाचा एकटा उतरला होता.

"बक्षीस किती?" आम्ही विचारले.

"बक्षीस नाही."

"काहीच नाही?"

"गेम पुरा होतो ना, मामा. तेच."

खालून आक्का म्हणाली, "ऐकलंस? बक्षीस नाही, पगार नाही, उलट एक खाडा!" यावर पोटमाळ्यावरून उत्तर आले, "आई, विहारात पोरं जयंतीला 18 तास अभ्यासाला बसतात त्याचं कौतुक करतेस. मी 48 बसलो." आम्ही हसू दाबले. पण आक्काच्या घरी एका खाड्याचा अर्थ काय, हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढ्या पैशांत गॅसच्या सिलिंडरचा मोठा हिस्सा निघतो. म्हणून हसणे तिथेच आवरले.

त्या खेपेचा विषय होता 'समनिंग', म्हणजे हाक देऊन बोलावणे. पुष्कळांनी भुते बोलावली, राक्षस बोलावले, जादूगार आणले. भाच्याने काय करावे? त्याने पाणी आणले. चाळीच्या नळाला थोडाच वेळ पाणी येते. एक बाई ते पहिल्यांदा पाहते आणि हाका मारते. खोल्याखोल्यांतून माणसे हंडे, कळश्या, बादल्या घेऊन धावतात. कुणाला आधी हाक मारायची ते खेळणाऱ्याने ठरवायचे. म्हातारी चौथ्या खोलीत आहे, तिला यायला वेळ लागतो. एका घरात तान्हे मूल आहे. दुसऱ्या घरातला माणूस रात्रपाळी करून नुकताच झोपला आहे. पाणी जायच्या आत सगळ्यांचे निदान एकेक भांडे भरले तर जिंकलो.

चित्रे ओबडधोबड होती, माणसे म्हणजे चौकोनी ठोकळे. पण नळाचा सूं आवाज खरा, हंड्यांचा खणखणाट खरा. भाच्याने स्वतःच्या घरातला मोबाईलवर घेतला होता. अडले होते ते हाकेपाशी. त्याने आपलाच आवाज बारीक काढून पाहिला होता, तो ऐकून आम्हाला हसू फुटले. तो म्हणाला, "मामा, आईला सांगा ना."

आक्का आधी तयार होईना. मग म्हणाली, "एकदाच." मोबाईल हातात धरला, पदर खोचला आणि रोज सकाळी देते तशी खणखणीत हाक दिली, "पाणी आलं गं!" शेजारच्या दोन बायका खरोखर बादल्या घेऊन बाहेर आल्या.

संध्याकाळी भाचा आंघोळ करून मिरवणुकीला आला. दोन तास नाचला, परत पोटमाळ्यावर गेला आणि सोमवारी पहाटे गेम पाठवून तसाच गोदामात कामाला गेला.

आता साधनांविषयी थोडे सांगतो, कारण कॉम्प्युटर जुना आणि खिसा रिकामा असताना हे जमते कसे, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. गेम बनवण्यासाठी तयार साधने असतात. त्यातले 'गेममेकर' मार्क ओव्हरमार्स या डच प्राध्यापकाने 1999 साली पुढे आणले. भाचा आधी 'युनिटी' शिकला. सप्टेंबर 2023 मध्ये त्या कंपनीने जाहीर केले की, पुढच्या जानेवारीपासून ठराविक मर्यादेपलीकडे गेलेल्या गेमवर, तो जितक्या वेळा नव्याने कुणाच्या यंत्रात बसेल तितक्या वेळा आकार पडेल. भाच्याच्या गेमची कमाई शून्य, तेव्हा त्याला एक पैसाही पडणार नव्हता. तरी तो हादरला. पागडीच्या खोलीत वर्षानुवर्षे राहिलेल्याला मालकाने एके सकाळी नवा नियम वाचून दाखवावा, तसे झाले. जगभर ओरड झाली, त्याच महिन्यात कंपनी बरीचशी मागे सरली, ऑक्टोबरमध्ये तिचे प्रमुख गेले आणि पुढे सप्टेंबर 2024 मध्ये तो आकार पूर्णच रद्द झाला. पण गेलेला विश्वास परत येतो थोडाच! कितीतरी हौशी लोक 'गोदो'कडे वळले. अर्जेंटिनाच्या दोघा प्रोग्रामरनी बनवलेले हे साधन 2014 साली सर्वांसाठी खुले झाले. पैसे नाहीत, आणि कोणी मालक भाडे वाढवायला येणार नाही. 'टेरारिया' या प्रसिद्ध गेमच्या निर्मात्यांनी त्या गडबडीत गोदोला 1 लाख डॉलर दिले. भाच्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच. ते आकाराने लहान आहे आणि त्याच्या थकलेल्या कॉम्प्युटरवर चालते.

असो. सोमवारी रात्री भाच्याने पाहिले, त्याचा गेम तिघांनी खेळला होता. मंगळवारी चार. तोंड उतरले. पुढचे साधारण तीन आठवडे भाग घेणाऱ्यांनीच एकमेकांचे गेम खेळून तारे द्यायचे असतात, आणि निदान 20 जणांनी तारे दिल्याशिवाय निकालात गुण लागत नाहीत. आम्ही म्हणालो, "अरे, तू किती जणांचे खेळलास?" तो गप्प. एकही नाही. या मेळ्याची गंमतच ही आहे. तुम्ही जितक्यांचे खेळून अभिप्राय द्याल, तितका तुमचा गेम इतरांना पुढे दिसतो. शेजारच्या लग्नात वाढायला न गेलेल्याच्या मांडवात कोण येणार?

आळस नव्हता, खोच दुसरीच होती. अभिप्राय इंग्रजीत लिहायचा. मराठी शाळेत शिकलेले पोर. चुकलो तर जगभरचे लोक हसतील, ही धास्ती. ही धास्ती आमच्या ओळखीची आहे. कचेरीत इंग्रजी अर्ज लिहिताना आमचाही हात कापलेला आहे. त्या रविवारी आम्ही त्याच्या शेजारी ठाण मांडले. इतरांचे अभिप्राय वाचले तर काय, ब्राझीलचा, पोलंडचा, जो तो आपापले मोडकेतोडके इंग्रजी ठोकत होता! मग भाचा सुटला. "उडी मारताना बटण उशिरा लागते." "तुझा बेडूक फार आवडला." एवढेच लिहायचे, पण खेळून लिहायचे. दोन रविवारांत आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक गेम खेळले. आम्ही बहुतेकांत मेलो.

आणि मंडळी याच्याकडे येऊ लागली. एकाने लिहिले की रात्रपाळीवाल्याला उठवताना वाईट वाटले, म्हणून शेवटी त्याचा हंडा आपणच दुसऱ्याकडून भरून घेतला. युरोपातल्या एकाने विचारले, नळ मध्येच बंद का होतो, ही प्रोग्राममधली चूक आहे का? भाच्याने शब्दकोश घेऊन आठ ओळींचे उत्तर लिहिले. त्याने लिहिलेले ते सर्वांत लांब इंग्रजी, आणि ते पाण्यावर होते.

आक्काचा प्रश्न मात्र तिथेच उभा होता, यातून पोट भरते का? खोटी आशा दाखवणे आम्हाला पटत नाही. याच मेळ्यात 2013 साली बनलेल्या एका छोट्या गेममधून पुढे 2017 साली 'हॉलो नाइट' हा नावाजलेला गेम निघाला, हे खरे. अमेरिकेतला एरिक बरोन नोकरी मिळेना म्हणून थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करी आणि सुमारे साडेचार वर्षे एकट्याने 'स्टारड्यू व्हॅली' बनवत बसला. 2016 साली तो गेम आला आणि 2024 अखेरपर्यंत त्याच्या 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या. पण अशांची नावे बोटांवर मोजता येतात. जपानच्या दाइसुके अमाया यांनी पाच वर्षे खपून 2004 साली 'केव्ह स्टोरी' चक्क फुकट वाटला, ती या हौशी मंडळींची खरी जात. भाच्याला आम्ही स्पष्ट सांगितले, गोदाम सोडायचे नाही. तोही म्हणाला, "सोडतंय कोण?"

धाकट्या भाचीलाही आता गेम करायचा आहे. तिच्यासाठी 'ट्वाइन' नावाचे फुकट साधन आहे, त्यात प्रोग्राम न शिकता नुसत्या शब्दांनी गोष्टीचा गेम होतो. पण तिला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच ट्वाइनमध्ये नैराश्याच्या आजारावर गेम करणाऱ्या झोई क्विन यांच्यामागे 2014 साली एवढे टोळके लागले, इतक्या धमक्या आल्या की त्यांना घर सोडून जावे लागले. 'हा कसला गेम, आणि बनवणारी ही कोण?' असा त्या टोळक्याचा सूर. वाचकहो, हा सूर आपण कुठे ऐकलेला नाही असे नाही. भाची म्हणाली, "म्हणून करायचंच नाही का?" तिने करावाच. खरे नाव, पत्ता, फोटो मात्र तिथे टाकू नये, आणि कोणी त्रास दिला तर पहिल्याच दिवशी घरी सांगावे, एवढे आम्ही तिच्याकडून कबूल करून घेतले.

निकाल लागला. एकूण गुणांत भाचा मधल्या फळीत कुठेतरी. आवाजाच्या सदरात मात्र तो बराच वर होता. अभिप्रायांतले बहुतेक कौतुक त्या हाकेचे. शब्द कळला नाही, पण ऐकताच उठून पळावेसे वाटले, असे एकाने लिहिले होते.

आम्ही ते आक्काला मराठी करून वाचून दाखवले. ती भाकरी थापीत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला आधी सांगायचं म्हणावं त्याला. त्या दिवशी घसा बसला होता माझा."