दुचाकी, हेल्मेट आणि पाचवी आज्ञा

सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मातमाउलीच्या यात्रेचे दिवस आले, की श्रीरामपूर तालुक्यातील रस्त्यांवर पायी निघालेल्या भाविकांच्या बरोबरीने दुचाकींच्याही रांगा लागतात. पती वाहन चालवीत आहे, पत्नी मागे बसली आहे आणि दोघांच्या मधे एक-दोन मुले, हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे, की त्यातील धोका आता आपल्या डोळ्यांना दिसेनासा झाला आहे.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झालेला आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. १४ तालुक्यांत विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवरून चर्च, बाजार, दवाखाना वा महाविद्यालय गाठायचे, तर एस. टी. वेळेवर मिळेलच असे नाही. त्यामुळे मोटारसायकल ही येथे चैन नसून संसाराची गरज आहे. ‘दुचाकी वापरू नका’ हा उपदेश व्यर्थ ठरेल. धोका नेमका कोठे असतो आणि तो कसा कमी करता येतो, याचा विचार मात्र प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने करणे आवश्यक आहे.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. देशभरातील मृतांमध्ये ७४,८९७ जण दुचाकीवरून प्रवास करणारे होते, म्हणजे शंभरांपैकी सुमारे ४४. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. हेल्मेट असते तर हे सारे वाचलेच असते, असे म्हणता येणार नाही. पण पुष्कळ जण वाचले असते. आपल्याकडे मागे बसणारी व्यक्ती बहुधा आई, पत्नी किंवा बहीण असते. चालकाने हेल्मेट घालावे आणि तिने डोक्यावर केवळ पदर घ्यावा, ही रीत तपासून पाहण्याजोगी आहे.

आपल्या भागात धोक्याची काही खास कारणे आहेत. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रेलरांचा ट्रॅक्टर रात्री रस्त्याने संथ जात असतो किंवा बिघडून कडेला उभा असतो. मागे दिवा वा परावर्तक नसेल, तर तो काळोखात दिसतच नाही. त्यातच समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळे दिपवून टाकतो. येथे वेगाचे साधे गणित ध्यानात घ्यावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागला, तर २५ मीटर अंतर कापले गेलेले असते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास आणखी २०-२५ मीटर लागतात. मंद केलेल्या दिव्यात एवढे लांबचे क्वचितच दिसते. म्हणजे धडक टाळण्याचा निर्णय ट्रेलर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. तो वेग ठरवितानाच घ्यावा लागतो. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. ताशी ४० किलोमीटर हा वेग रात्री भित्रेपणाचा नव्हे, शहाणपणाचा ठरतो.

‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी पालथी होते’ हा समज गावोगावी आढळतो. वस्तुतः गाडी थांबविण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि क्रमाक्रमाने दाबावेत. चिखल, वाळू किंवा सांडलेला ऊस दिसताच वेग आधीच कमी करावा. साडीचा पदर वा ओढणी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी असावी, ही नियमाचीच अट आहे.

हेल्मेटचा इतिहास बोधप्रद आहे. १९३५ मध्ये ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या टी. ई. लॉरेन्स यांचा मोटारसायकल अपघातानंतर मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता दाखवून दिली. पुढील संशोधनांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र ते आय.एस.आय. चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. आरशाला अडकविलेले हेल्मेट कोणाचेही रक्षण करीत नाही.

हा विषय श्रद्धेचाही आहे. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, कारण कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. धाब्याच्या घरांत वाढलेल्या आपल्या लोकांना हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. हेल्मेट हा तोच कठडा होय. हँडलला जपमाळ गुंडाळून बेफाम वेगाने जाणे म्हणजे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याच्या मोहाला बळी पडणे आहे. प्रभू येशूने तो मोह नाकारला. नशेमुळे वा वेगाच्या हव्यासापोटी रस्त्यावर स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणारा गंभीर दोषास पात्र ठरतो, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२९० सांगतो. आणि ही शिकवण ‘खून करू नको’ या पाचव्या आज्ञेच्या प्रकरणात येते. व्हॅटिकनने २००७ मध्ये वाहनचालकांसाठी ज्या दहा आज्ञा प्रसृत केल्या, त्यांतील पहिलीही हीच आहे.

पालकांची जबाबदारी विशेष आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दहावीच्या निकालाची भेट म्हणून मोटारसायकल देणाऱ्या पित्याने याचा विचार करावा.

अपघात झालाच, तर चांगल्या शोमरोन्याप्रमाणे थांबावे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची तरतूद आहे.

धर्मग्रामांना यात बरेच करता येईल. रविवारच्या मिस्सानंतर युवकांनी आवारातील दुचाकींचे दिवे आणि टायर तपासावेत. ऊसवाहतूकदारांच्या ट्रेलरांना परावर्तक पट्ट्या लावून द्याव्यात. यात्रेहून रात्री उशिरा परतण्याऐवजी मुक्काम करून सकाळी निघावे. विवाहात नवदांपत्यास दोन हेल्मेटे भेट द्यावीत. तरुण मुलाच्या दफनविधीत ‘देवाची इच्छा’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या शोकाकुल मातेचे सांत्वन करणे आपले कर्तव्यच आहे; परंतु जे आपल्या हातात होते, त्याचा भार देवावर टाकू नये.