संगणक, कामगार आणि ‘सोप्या भाषेत’ हे दोन शब्द

१/ दर काही महिन्यांनी एक ठरावीक विनोद पुन्हा फिरू लागतो. एके काळी बँकेतले कर्मचारी संगणक नको म्हणून घोषणा देत होते, आणि आज तेच खिशात स्मार्टफोन घेऊन हिंडतात! इतिहासाची आवड असणारी आपली मंडळीही तो आनंदाने पुढे पाठवतात. हा धागा त्या विनोदाविरुद्ध आहे.

२/ विनोदामागे इतिहासाविषयीची एक समजूत आहे. तंत्रज्ञान आपल्या गतीने येतच असते. शहाणे त्याचे स्वागत करतात, अडाणी त्याला अडवतात, आणि काळ शहाण्यांच्या बाजूने निकाल देतो, अशी ती समजूत. तिला छेद देणारा उत्तम पुरावा नॉर्वेत सापडतो. तो पुरावा निर्माण करणारा माणूस संगणकशास्त्राच्या पहिल्या फळीतला होता, ही त्यातली गंमत.

३/ क्रिस्टेन न्यूगॉर (१९२६–२००२). प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द ऐकलेले असतात. न्यूगॉर आणि ओले-योहान दाल यांनी ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये घडवलेल्या ‘सिम्युला’ या भाषेतून त्या संकल्पना पुढे आल्या. ‘सिम्युला ६७’ हे तिचे गाजलेले रूप. या कामासाठी दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

४/ पाठ्यपुस्तके इथे थांबतात. न्यूगॉर मात्र थांबले नाहीत. सिम्युला ही मुळात गुंतागुंतीच्या व्यवस्थांची प्रतिकृती संगणकावर उभी करण्याची भाषा. कारखान्यातली कामाची रांग, यंत्रांचा वेळ, माणसांच्या हालचाली, सारे तिच्यात मांडता येई. म्हणजेच कामगाराच्या दिवसाची आखणी त्याच्या गैरहजेरीत, दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर करता येई. आपले साधन कुणाच्या हातात जाते आहे, हे त्याच्या निर्मात्यालाच प्रथम खुपू लागले.

५/ तेव्हा १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर एक संशोधन प्रकल्प हाती घेतला. सुरुवातीचा आराखडा सर्वमान्य पद्धतीचा होता: पाहणी करायची, विश्लेषण करायचे, अहवाल लिहायचा. लवकरच उमगले की असा अहवाल कपाटात जातो आणि कामगाराचा दिवस होता तसाच राहतो.

६/ मग त्यांनी ‘निष्कर्ष’ या शब्दाची व्याख्याच बदलली. प्रकल्पामुळे संघटनेने, स्थानिक वा मध्यवर्ती पातळीवर, जी कृती केली ती कृती म्हणजे संशोधनाचा निष्कर्ष. कागदावर काय उमटले हे दुय्यम. संशोधन पद्धतीच्या तासाला आम्हांला वस्तुनिष्ठतेवर बरेच काही शिकवले जाते. ही व्याख्या मला तिथे एकदाही भेटली नाही.

७/ प्रत्यक्षात झाले काय? कारखान्यांमध्ये कामगारांचे अभ्यासगट स्थापन झाले. नियोजन, नियंत्रण आणि संगणक यांवर खास कामगारांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले गेले. आपल्या कारखान्यात कोणती प्रणाली येते आहे, ती काय मोजणार, कुणाचा निर्णय कुणाकडे जाणार, याचा अभ्यास ज्यांच्यावर ती प्रणाली चालणार होती त्यांनीच केला. कामगार इथे संशोधनाचा विषय राहिला नाही, संशोधक झाला.

८/ या मंथनातून करार जन्माला आले. १९७५ मध्ये नॉर्वेच्या कामगार महासंघात आणि मालक महासंघात संगणकप्रणालींविषयी राष्ट्रीय करार झाला. त्यातली एक अट लक्षात ठेवा: नव्या प्रणालीची माहिती विशेष ज्ञान नसलेल्या माणसालाही कळेल अशा स्पष्ट आणि सोप्या भाषेत दिली पाहिजे. कामगारांना या विषयासाठी स्वतःचा खास प्रतिनिधी निवडण्याचा हक्कही मिळाला.

९/ पाठोपाठ १९७७ चा कार्यपरिस्थितीविषयक कायदा आला. नियोजनाच्या व नियंत्रणाच्या प्रणालींची माहिती कर्मचाऱ्यांना मिळावी, त्यांचे प्रशिक्षण व्हावे आणि त्या प्रणाली घडवताना त्यांचा सहभाग असावा, हे कायद्यातच आले. संगणक आलाच. फक्त तो विचारून आला.

१०/ ही वाट नॉर्वेपुरती राहिली नाही. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी नॉर्डिक मुद्रण कामगारांच्या संघटनेबरोबर ‘युटोपिया’ प्रकल्प चालवला. वृत्तपत्राची पाने संगणकावर लागणार, हे स्पष्ट होते. तेव्हा पाने लावणाऱ्या कारागिरांनाच विचारले गेले: तुमचे कौशल्य वाढवणारे साधन कसे असेल?

११/ तसे यंत्र अजून हाती नव्हते, म्हणून पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडाचे तुकडे मांडून भविष्यातील कार्यस्थळाची प्रतिकृती उभारली गेली. पुठ्ठ्याचे खोके हाच लेझर प्रिंटर, असे समजून कारागीर काम करून दाखवत. तांत्रिक आराखड्यापुढे गप्प बसणारा माणूस खोक्यापुढे बोलू लागतो. त्याच दशकात ओस्लोत ‘फ्लोरेन्स’ प्रकल्पाने परिचारिकांच्या रोजच्या कामापासून आरंभ करून हीच पद्धत रुग्णसेवेत नेली.

१२/ आता आक्षेपांकडे वळू. पहिला: हे सारे लहान, सधन देशांत घडले. मान्य. तिथल्या संघटना बलाढ्य होत्या, हेही मान्य. दुसरा: युटोपियातून निघालेल्या साधनाला बाजारात मोठे यश लाभले नाही. तेही खरे. पण या आक्षेपांनी सिद्ध काय होते? सहभागासाठी संघटनेचे बळ लागते, इतकेच. तंत्रज्ञानाचे रूप आधीच ठरलेले असते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

१३/ आता आपल्याकडे पाहू. १९६० च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून इमारतीबाहेर पहारा दिला. १९७२ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनावर अहवाल दिला. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला.

१४/ तो करार हाच विनोदावरचा उतारा आहे. ‘मशीन नको’ एवढेच ज्यांचे म्हणणे असते, ते यंत्र कुठे, किती आणि कोणत्या अटींवर यावे यावर सह्या करत नाहीत. आपल्या बँक कर्मचाऱ्यांनी केल्या. अटी योग्य होत्या की अतिरेकी, यावर जरूर वाद घालावा. पण वाद घालायचा तर करार वाचावा लागतो. विनोद पुढे पाठवायला काहीच वाचावे लागत नाही.

१५/ आपल्याकडे उणीव राहिली ती वेगळीच. संघटना होत्या, अभ्यासू समित्या होत्या, विद्यापीठे होती. पण प्रणालीचा आराखडा आखला जात असतानाच संशोधक आणि कर्मचारी एका टेबलाशी बसले, असे क्वचितच घडले. प्रश्न बहुधा ‘किती यंत्रे’ आणि ‘किती नोकऱ्या’ यांभोवतीच फिरत राहिला. ‘कशी यंत्रे’ हा प्रश्न विचारायचाच राहून गेला.

१६/ याची किंमत अलीकडेच दिसली. २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. तक्रारी साध्या होत्या: फोन जुने, त्यांची क्षमता अपुरी, आणि अ‍ॅप इंग्रजीत. पुढे ते अनेक भाषांत उपलब्ध झाले, हे नोंदवायला हवे. पण आधी आंदोलन आणि मग भाषा, असा तो क्रम होता.

१७/ आता १९७५ ची ती अट पुन्हा आठवा. सोप्या भाषेत. गावातल्या बाळांचे वजन, उंची, आहार यांची नोंद ठेवणारी बाई मराठीत काम करते, एवढी गोष्ट आराखडा करणाऱ्यांना कळायला तिने फोन परत करावा लागला. बँक कर्मचाऱ्यांवर विनोद करणाऱ्यांनी या सेविकांनाही तंत्रज्ञानविरोधी ठरवून पाहावे. जमेल का?

१८/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आग्रहाची विनंती. यंत्राचा इतिहास लिहिताना शोध कुणी लावला, एवढ्यावर थांबू नका. ते कुणासाठी आणले, कुणाला विचारले, कुणी कोणती अट घातली आणि त्या अटीचे पुढे काय झाले, हेही शोधा. करारनामे, संघटनांची मासिके, सभांची इतिवृत्ते ही अस्सल साधने आहेत, आणि ती रद्दीत चालली आहेत.

१९/ तुमच्या घरात वा शेजारी बँकेतून, विमा कार्यालयातून, टेलिफोन एक्स्चेंजमधून, छापखान्यातून निवृत्त झालेले कुणी असेल, तर या रविवारी त्यांच्यापाशी बसा. पहिला संगणक आला त्या दिवशी कार्यालयात काय घडले, ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. जुनी परिपत्रके सापडली तर छायाचित्रे काढून जपा.

२०/ मतभेद असतील तर अवश्य मांडा, साधनांसह मांडा. तो विनोद मात्र पुन्हा आलाच, तर खाली हा धागा जोडा. इति.