नाचणी खा म्हणे!

टिटवाळ्यातल्या कुठल्याही दवाखान्यात साखर वाढलेल्या बाईला सल्ला ठरलेला: भात कमी करा, नाचणी खा. बाई खडवलीकडच्या पाड्यातली असली की माझे डोके फिरते. अहो, तिची आजी नाचणी-वरीवरच तर जगली! ती नाचणी ताटातून काढली कोणी?

नाचणी पिकायची त्या वरकस जमिनींवर आधी फार्महाऊस आली, मग सेकंड होमचे टॉवर. उरलेल्या तुकड्यावर राब भाजून, पाठ मोडून कोणी नाचणी पिकवलीच, तर हमीभाव कागदावर आहे, 2024-25 साली क्विंटलला 4,290 रुपये. त्या भावाने घेणारा कुठे बसतो, ते तेवढे दाखवा. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर भरड धान्य 1 रुपया किलोने द्यायचे लिहिले होते. रेशनच्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. पिशवीत पडला तो तांदूळ, नाहीतर गहू. 2023 पासून तोही फुकट. वर स्वस्त पामतेल आणि पोराच्या हातात बिस्किटचा पुडा. याला म्हणे चुकीची जीवनशैली!

‘जुने ते सोने’वाल्यांनी लगेच खूश होऊ नये. 1992 साली वावर-वांगणीत, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुले कुपोषणाने मेली. रेशनच्या तांदळाने पोटे भरली, हे मान्य. पण पोट भरले की सरकारचे काम संपले. नुसत्या भरल्या पोटाने काय होते, ते ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे अभ्यासली. बाळे वजनाने इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण तुटवडा मुख्यतः स्नायूंचा. चरबी त्या मानाने टिकून. अशा देहाला पुढे पांढरा भात, साखर आणि तेल मिळत राहिले की मधुमेहाला ढेरी लागत नाही.

2023 हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. मेजवान्या झडल्या, मॉलमध्ये नाचणीची कुकी आली. इथे पावसाळ्यात स्टेशनाबाहेर शेवळी-कंटोळी घेऊन बसलेल्या बाईशी टॉवरवाले वाट्यामागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात. त्यांना पौष्टिक रानभाजी हवी असते. बाई ती विकून घरी तेल-साखर नेते.

ठाणे जिल्ह्यातली नाचणी हमीभावाने इथेच विकत घ्या आणि इथल्याच रेशन दुकानात ठेवा. ते जमत नसेल, तर निदान पाड्यावरच्या बाईला आहाराचे धडे देणे बंद करा.