धर्म स्वतः निवडलेल्या पिढीला शेवटही निवडू द्या

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसमोर ज्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या, ती माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. देव नाकारायचा निर्णय त्यांनी घेतला. आज त्यांनाच व्हेंटिलेटरवर ठेवायचं की घरी न्यायचं, हे आपण आयसीयूबाहेर उभं राहून ठरवतो. त्यांना सोडून सगळ्यांना विचारतो.

वस्तीत काम करताना हे मी वारंवार पाहते. निर्णय थोरल्या मुलाचा. वर्षानुवर्षं आजारपण काढणारी सून किंवा लेक बाकड्यावर गप्प. शहरातून आलेला भाऊ म्हणतो, काहीही करा पण वाचवा. कारण लोक काय म्हणतील! मग व्याजाने पैसे काढले जातात. दुसऱ्या घरी पैसे संपतात म्हणून बरी होऊ शकणारी आजी 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून घरी आणली जाते. एकाला प्रेम म्हणतात, दुसऱ्याला नशीब. दोन्हीकडे तिला विचारलेलंच नसतं.

काही कार्यकर्ते म्हणतील, आपल्या लोकांना साधे उपचार मिळत नाहीत, तिथे हे कशाला? उपचारांसाठी सरकारशी भांडायचंच. पण उपचार मागणं आणि नाकारणं, दोन्हींच्या मुळाशी एकच हक्क आहे: माझ्या शरीरावर माझा अधिकार. माणसाला न विचारता त्याचं आयुष्य ठरवणं, हेच तर जातिव्यवस्थेने केलं. तेच घरात मुलगा करतो तेव्हा आपण त्याला संस्कार का म्हणायचं?

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार थांबवावेत, आपल्या वतीने कोणी बोलावं, हे कोणीही सज्ञान माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. यात मरणाचं इंजेक्शन कोणी देत नाही.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा विषय काढा. घरी आजीजवळ बसा, विचारा. सगळे उपचार हवेत म्हणाली, तर तेही लिहून ठेवा. तिच्या वतीने मुलगा बोलेल की लेक, हेही तिलाच ठरवू द्या.

जय भीम!