खेरसाहेबांचा कायदा आणि आपला अंगठा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण खोटी नाही. पण म्हणून कायद्याकडेच पाठ फिरवावी, असा तिचा अर्थ कोणी घेऊ नये. बाळासाहेब खेरांचेच बघा.

रत्नागिरीत १८८८ साली जन्मलेले खेर मुंबईत सॉलिसिटर झाले. १९३७ साली ते मुंबई प्रांताचे मुख्यप्रधान झाले. महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ साली ते पुन्हा आले आणि १९५२ पर्यंत राहिले. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आणि १९४८ चा कूळकायदा, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतले.

अर्धेलीत निम्मी रास मालकाच्या घरी जायची. कूळकायद्याने बांध घातला : बागायतीला चौथ्या आणि जिरायतीला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खंड घ्यायचा नाही. पुढे १९५६ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. अटीत बसणारे कूळ त्या दिवसापासून मालक मानले गेले. खेर मात्र ८ मार्चलाच वारले. तीन आठवडे कमी पडले.

आता खरी गोष्ट. कायदा एकच, पण सगळ्या कुळांच्या पदरात जमीन पडली का? नाही. ज्याचे नाव दप्तरी लागले होते, तो तरला. ज्याने "राजीखुशीने जमीन सोडतो" अशा कागदावर न वाचता अंगठा उठवला, तो कसत होता तरी भूमिहीन झाला. कायदा करणाऱ्याने निम्मे काम केले होते. उरलेले निम्मे ज्याचे त्याने करायचे होते.

आज आपण काय करतो? चिटबॉय पुढे करील त्या कागदावर सही ठोकतो. ऊसनोंदीची तारीख बघत नाही. बाप जाऊन वर्षे लोटली तरी शेअरवर वारसाचे नाव लावत नाही. वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो तो पिशवीतच राहतो, आणि मग पारावर बसून कारखान्याला नावे ठेवतो!

पुढारी चांगला मिळणे नशिबाचा भाग आहे. कागद वाचणे आपल्या हातात आहे. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या, पण त्याशिवाय सही करू नका.